मे महिन्याच्या उन्हात जिवंत चारा कसा टिकवायचा

रायगडातल्या साळावच्या पुलाखाली मे महिन्यात जिताडा आणि तांब हे खाडीतले मासे गरवायला, म्हणजे गळाने धरायला, बरीच मंडळी येतात. सकाळी सातला त्यांच्या बादल्यांत गरीला (गळाला) लावायचा जिवंत चारा, म्हणजे बोयटं (खाडीतले छोटे मासे) आणि कोळंबी, सळसळत असतो. दहा वाजले की निम्मा चारा पोट वर करून तरंगतो आणि जो तो उन्हाला बोल लावतो. ऊन आहेच, पण उन्हाने मरायच्या आधी मासा गुदमरून मरतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. खारं पाणी त्याहून कमी धरतं, समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना सहाच्या थोडं वर. दुसरीकडे, पाण्याबरोबर माशाचं अंगही तापतं आणि दहा अंश वाढले की त्याला लागणारा ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट होतो. मिळणं कमी होतं नेमकं तेव्हाच लागणं वाढतं. अशा पाण्यात पन्नास बोयटं कोंबली तर पंप असूनही ती जगत नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं: कमी ठेवा. २० लिटर पाण्यात बोटाएवढी बोयटं आठ ते दहा, तीही हवेचा पंप चालू असेल तर. पंप नसेल तर तीन-चार. कोळंबी वीस-पंचवीस चालते. पागेच्या (हाताने फेकायच्या जाळ्याच्या) एका फेकीत ओंजळभर बोयटं आली की सगळी घ्यावीशी वाटतात, पण लागतील तेवढीच उचला आणि बाकीची तिथल्या तिथे सोडा. जिताड्याला गरीवर धडपडणारं एक बोईट पुरतं. मरगळलेल्या ढिगाकडे तो ढुंकून बघत नाही, आणि ती पिल्लं मात्र फुकट जातात. मला याचं वाईट वाटतं, कारण हीच पिल्लं मोठी होऊन खाडी भरते.

चारा टिकणार की नाही याचा निम्मा निकाल पकडतानाच लागतो. बोयटाचे खवले हाताला लगेच सुटतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर गेला की मासा तासा-दोन तासांत मान टाकतो. पाग चिखलातून फरफटत आणू नका. ती पाण्यातच अर्धी ठेवून मत्स्यालयाच्या छोट्या मऊ जाळीने मासे उचला. हात लावायचाच तर आधी ओला करा. हाताला डास पळवणारं मलम, साबण किंवा पेट्रोल लागलेलं नको. पकडायची वेळ पहाटेची, पाणी रात्रभर निवलेलं असतं तेव्हाची. नव्याने पकडलेला मासा घाबरून पहिल्या अर्ध्या तासात खूप घाण करतो, तेवढा वेळ जाऊ द्या आणि मग सगळं पाणी एकदा बदला. खायला काही घालू नका.

भांडं गोल हवं. चौकोनी खोक्यात बोयटं कोपऱ्यात डोकी खुपसून एकमेकांवर चढतात. मी मासळीवाल्यांचा थर्माकोलचा खोका घेतो, त्यात गोल प्लास्टिकची बादली बसवतो आणि मधल्या पोकळीत ओलं गोणपाट कोंबतो. तांब्या-पितळेचं भांडं अजिबात नको, तांबं पाण्यात उतरतं आणि कोळंबीला तर ते फारच लवकर मारतं. जस्ताचा मुलामा दिलेली बादलीही टाळा. झाकण मात्र हवंच. बोईट उडी मारतं हे एक, आणि अंधारात मासा शांत राहतो, शांत मासा कमी ऑक्सिजन घेतो. थर्माकोल नसेल तर बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळून ती वाऱ्यावर ठेवा, माठातलं पाणी गार होतं तसं बादलीतलंही होतं. घाटावर कोरड्या हवेत हा उपाय झकास चालतो. आमच्याकडे किनाऱ्यावर दमट हवेमुळे त्याचा गुण कमी, तरी वारा असेल तर फरक पडतो.

आता पंप. मी धंद्याने वायरमन, त्यामुळे यावर जरा जास्त बोलतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांत मोबाईलच्या चार्जरवर चालणारे छोटे हवेचे पंप मिळतात. दीड-दोन वॉटचा पंप १०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेवर दिवसभर चालतो. मी स्वतः यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी वापरतो. अर्धा अँपिअर घेणारा पंप तिच्यावर आठ तास आरामात चालतो. त्यापुढे ओढू नका, पूर्ण उतरवलेली बॅटरी लवकर मरते. टोकांना व्हॅसलिन लावा, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात एका हंगामात हिरवी बुरशी चढते. पंप बादलीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. बंद पडला तर पाणी नळीतून उलटं येऊन त्याच्या पोटात जातं. धक्क्यावरच्या दुकानातून २३० व्होल्टची वायर ओढून पंप लावणारेही मी पाहिलेत. ते कृपा करून कुणी करू नका. ओल्या पायांनी, खाऱ्या पाण्यात, एका उघड्या जोडाने जीव जातो.

पंपाच्या नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र दगड बारीक बुडबुड्यांचा घ्या. मोठे बुडबुडे भसाभसा वर येतात आणि फुटतात, बारीक बुडबुडे पाण्यात जास्त वेळ राहतात. पण कोळंबीच्या बादलीत हवा बेताची ठेवा, घुसळणाऱ्या पाण्यात ती नुसती भिरभिरत दमते.

गारव्यासाठी सुट्टा बर्फ पाण्यात टाकू नका. नळाच्या पाण्याचा असेल तर त्यात क्लोरीन असू शकतं, आणि वितळला की खारेपणाही उतरतो. बाटलीत पाणी गोठवून ती झाकणासकट सोडा. हिशेब सांगतो: ४० लिटर पाण्यात एक लिटरची गोठलेली बाटली पूर्ण वितळली तर पाणी साधारण दोन-अडीच अंश उतरतं. २० लिटरच्या बादलीत तीच बाटली चार-पाच अंश उतरवेल, तेही झटक्यात, आणि तो झटका मासा सोसत नाही. तिथे अर्ध्या लिटरचीच बाटली घाला. मत्स्यालयाचा काचेचा थर्मामीटर बादलीत ठेवा. खाडी ३१ अंशांवर असेल तर बादली २७-२८ ला ठेवायची, त्याखाली नाही. गरीला लावल्यावर त्या माशाला पुन्हा खाडीच्याच पाण्यात जायचं आहे.

सुरुवातीचं ते एकदाचं सोडलं तर पुढे दिवसभरात पाणी बदलताना एका वेळी तिसरा हिस्सा बदला, सगळं नाही. सुकतीच्या (ओहोटीच्या) शेवटी काठाचं पाणी घेऊ नका, तापलेल्या चिखलावर पसरलेलं ते पाणी बादलीतल्यापेक्षा वाईट असतं. भरती लागू द्या, समुद्राचं ताजं पाणी आत येऊ द्या, मग घ्या. तेही पृष्ठभागावरचं नको. डब्याला शिसं बांधून हातभर खाली बुडवा आणि तिथलं उपसा.

बादलीकडे लक्ष ठेवायचं ते असं. बोईट पृष्ठभागाला येऊन तोंड उघडझाप करायला लागलं की ऑक्सिजन संपत आलाय. पंप नसेल तर मगाने पाणी उचलून कमरेच्या उंचीवरून परत बादलीत ओता, पाच मिनिटं सलग, आणि दोन-तीन मासे खाडीत सोडा. वर साठलेला फेस फुंकरीने फुटत नसेल तर पाण्यात घाण साचली आहे, पाणी बदला. तापलेल्या पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया जास्त जहाल होतो. मेलेला मासा दिसला की त्याच क्षणी बाहेर. कोळंबी काचेसारखी आरपार दिसायला हवी. शेपटीकडचं मांस दुधासारखं पांढरट झालं की ती आता टिकत नाही, आधी तीच गरीला लावा.

कोळंबी पाण्याविनाही टिकते. डब्याच्या तळाला गोठलेली बाटली, तिच्यावर वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर खाडीच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं, त्यात कोळंबी एका थरात. फडकं ओलं राहिलं आणि गारवा राहिला तर तिचे कल्ले ओले राहतात आणि ती काही तास जगते. जपानमध्ये कुरुमा जातीची जिवंत कोळंबी गार लाकडी भुशात भरूनच बाजारात जाते. ज्यांना एसटीने यायचं आहे त्यांना हीच पद्धत बरी, बादली हिंदकळण्याची भानगड नाही.

आणि निवटी (चिखलावर उड्या मारणारी छोटी मासळी) मिळाली तर उन्हाळ्यात तिच्यासारखा चारा नाही. ती तोंडाच्या आतल्या अस्तरातून आणि ओल्या कातडीतून थेट हवा घेते. तिला भरलेली बादली देऊ नका. बोटभर पाणी, त्यात चिखलाचा गोळा किंवा दगड, चढून बसायला जागा, एवढंच.

गरी लावताना कोळंबीच्या डोक्यात काळा ठिपका दिसतो, त्याच्या पुढे, शिंगाच्या मुळाशी आडवी टोचा. गरी ठिपक्यातून गेली की कोळंबी तिथेच मेली. बोयटाला वरच्या ओठातून, किंवा पाठीच्या पराच्या जरा मागे, कण्याच्या वरून.

उरलेला चारा जिथे पकडला तिथेच सोडा. तळ्यावरून विकत आणलेली व्हेनामी (तळ्यात वाढवलेली परदेशी जातीची कोळंबी) मात्र खाडीत सोडायची नाही. ती मूळची मेक्सिको ते पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची. तिच्या शेतीला आपल्याकडे २००९ पासून परवानगी आहे, पण ती तळ्यातच राहावी. तिच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग खाडीतल्या कोळंबीत शिरू शकतो. उरली तर घरी न्या, कालवण होतं. घरी गेल्यावर नळी आणि दगड गोड्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि उन्हात वाळवा, म्हणजे मीठ बसून बारीक छिद्रं बुजणार नाहीत.