लहान गावात ओजिब्वे माध्यमाची सार्वजनिक शाळा कशी उभी करावी

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि सीमेपलीकडच्या कॅनडातील ऑन्टॅरिओत ओजिब्वे ही तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे आदिवासींची भाषा बोलली जाते. पण अमेरिकेच्या बाजूला ती जन्मापासून बोलणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत आणि त्यांतली बहुतेक आजी-आजोबांच्या वयाची आहेत. म्हणून तिथल्या गावात शाळा काढताना सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करावी लागते: ओजिब्वे हा विषय असणार की माध्यम? आठवड्यातून दोन-तीन तास रंगांची आणि प्राण्यांची नावे पाठ करून कोणतेही मूल त्या भाषेत भांडायला किंवा हट्ट करायला शिकत नाही. गणितही ओजिब्वेत आणि डबा खातानाची बडबडही ओजिब्वेत, असा निर्णय घ्यावा. विस्कॉन्सिनमधील लाक कूत ओरेय वस्तीत या शतकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या 'वादोकोदादिंग' या शाळेने हाच मार्ग धरला. त्या नावाचा अर्थ 'जिथे माणसे एकमेकांना मदत करतात ती जागा' असा आहे. सुरुवात बालवाडीपासून करावी आणि दरवर्षी एकच इयत्ता वाढवावी. सगळे वर्ग एकदम उघडल्यास शिक्षक पुरत नाहीत.

शिक्षकांची जोडी लावावी: एक भाषा जन्मापासून बोलणारी आजी किंवा आजोबा, आणि दुसरा ती नंतर शिकलेला, वर्ग सांभाळण्याचे प्रशिक्षण घेतलेला तरुण शिक्षक. इथे घाई करू नये. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा सुरू झाली आणि त्यानंतर अशा शाळांत मुलांना आपल्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. ती भीती कित्येक घरांत पुढच्या पिढीपर्यंत उतरली आहे. म्हणून ज्येष्ठांना फळ्यासमोर उभे करू नये. त्यांना मुलांच्या घोळक्यात खुर्ची द्यावी, तरुण शिक्षकाने प्रश्न विचारावेत आणि त्यांनी सहज बोलावे. त्यांना शिक्षकाच्या तोडीचे मानधन आणि हिवाळ्यात घरून आणण्या-नेण्याची सोय हवी. माझ्या मते अंदाजपत्रकातली ही रक्कम इमारतीच्या आधी राखून ठेवावी. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या नियमांत आदिवासी भाषा जाणणाऱ्यांना शिकवण्याचा परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे, तिचा उपयोग करावा.

वर्षाचे नियोजन पाठ्यपुस्तकावरून न करता ऋतूंवरून करावे. वसंताच्या तोंडाशी मेपलच्या झाडांतून रस पाझरतो, तेव्हा वर्ग रानात न्यावा. सुमारे 40 लिटर रस आटवल्यावर 1 लिटर पाक मिळतो, यातच मापन आणि गुणोत्तराचे धडे आहेत. उन्हाळा सरताना तळ्यांत 'मनोमिन', म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात, तयार होतो. एक जण लांब काठीने होडी रेटतो आणि दुसरा दोन हलक्या दांडक्यांनी ओंब्या होडीवर वाकवून दाणे झोडतो. काही दाणे पाण्यात पडतात, तेच पुढचे बी. काठावर मोठ्या भांड्यात दाणे भाजताना आजी लाकडी वल्ह्याने सतत ढवळते आणि म्हणते, 'गिदसिगे', म्हणजे भाजणे चालले आहे. मग तुडवणे, मग भूर्जाच्या सालीच्या सुपाने पाखडणे, आणि प्रत्येक कामाला आपले स्वतंत्र क्रियापद. हातातले काम आणि कानावर पडणारा शब्द एकाच वेळी येत असल्याने मूल हे शब्द विसरत नाही. पुराणकथा मात्र जमिनीवर बर्फ असतानाच सांगण्याची रीत आहे, त्यामुळे त्या हिवाळ्यातच ठेवाव्यात.

इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे वापरण्याचा मोह टाळावा. मराठीत नामांना तीन लिंगे आहेत, तर ओजिब्वेत सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत आणि ते नेहमी तर्काने ओळखता येत नाहीत. रासबेरी सजीव आहे, स्ट्रॉबेरी निर्जीव. मला रासबेरी दिसते तेव्हा 'निवाबमा' म्हणावे लागते, स्ट्रॉबेरी दिसते तेव्हा 'निवाबन्दान'. क्रियापदच बदलते. इंग्रजी वाक्यावर बेतलेल्या पुस्तकात हा कणा हरवतो, म्हणून ज्येष्ठांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यातूनच वाचनपाठ तयार करावेत. लेखनासाठी रोमन लिपीतील जोडस्वर पद्धत, म्हणजे दीर्घ स्वर दोन अक्षरांनी लिहिण्याची पद्धत, रूढ आहे, आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन ओजिब्वे शब्दकोशात ज्येष्ठांचे उच्चारही ऐकता येतात. बोलीत फरक आढळल्यास आपल्या गावाचा उच्चार प्रमाण मानावा. अपूर्णांक किंवा विद्युत्प्रवाह यांसाठी शब्द घडवताना ज्येष्ठांसोबत बसावे. एकट्या शिक्षकाने शब्द पाडू नयेत.

पालकांची खरी काळजी इंग्रजीची असते आणि तिला प्रामाणिक उत्तर द्यावे. सार्वजनिक शाळांत तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणिताच्या राज्य परीक्षा होतात, आणि त्या बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतात. इंग्रजी वाचन औपचारिकपणे कोणत्या इयत्तेत सुरू होईल आणि तोवर निकाल मागे दिसू शकतील, हे प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. नंतर कळले तर मुले काढून घेतली जातात. 1990 च्या मूळ अमेरिकी भाषाविषयक कायद्याने या भाषांत शिक्षण देण्याचा हक्क मान्य केला आहे आणि 2006 च्या कायद्यामुळे भाषामाध्यमाच्या उपक्रमांना अनुदान मागता येते, हेही त्याच बैठकीत समजावून द्यावे. शेवटी, पालकांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखावी आणि मुले त्या आठवड्यात जी वाक्ये बोलली तीच त्यांना शिकवावीत, म्हणजे मुलाने जेवताना ओजिब्वेत पाणी मागितले तर समोरच्याला ते कळेल.