बाथरूम-किचनची पाइपलाइन आधी कागदावर काढा
फोडाफोडी सुरू करायच्या आधी एक ग्राफ पेपर घ्या, 2 सेंटीमीटर म्हणजे 1 मीटर असा स्केल धरा आणि घर आहे तसं काढा, भिंती, दारं, मेन वॉल्व्ह आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ड्रेनेजचा उभा पाइप कुठंय ते. नळाच्या पाण्याला प्रेशर असतं, त्याचा पाइप कसाही वळवता येतो हो, पण सांडपाणी नुसतं उतारावर जातं, म्हणून ड्रेनेज आधी काढायचं. मीटरला साधारण 2 सेंटीमीटर उतार धरा. म्हणजे कमोड उभ्या पाइपपासून 3 मीटर लांब नेलात तर 6 सेंटीमीटर उतारातच गेले, वर पाइपची स्वतःची जाडी 110 मिलिमीटर, एवढी जागा आहे का फरशीखाली? नसेल तर कमोड हलवायचा हट्ट सोडा, बेसिन हलवा, त्याचा पाइप बारीक असतो. मग गार पाणी निळ्या पेनने, गरम लाल पेनने, आणि प्रत्येक बाथरूमला वेगळा वॉल्व्ह. ट्रॅप (पाणी साचून गटाराचा वास अडवणारा वाकडा पाइप) आणि व्हेंट (ड्रेनेजला हवा देणारा पाइप) पण दाखवा, नायतर वास मारतो. भिंत बुजवायच्या आधी पाइपांना मोजायची टेप लावून फोटो काढा, मी काढले नव्हते, आरशासाठी ड्रिल मारलं ते थेट पाइपात.