लिलीच्या अळ्यांचा बंदोबस्त

आपल्या कोकणात लिलीला मरण असतं ते पाण्यानं, म्हणून तिचे कांदे पागोळ्यांखाली कधीच लावू नका. चिऱ्यांचा उंच वाफा करायचा, लाल मातीत शेणखत आणि थोडी रेती मिसळायची आणि कांद्याची मान मातीच्या जरा वर ठेवायची, नाहीतर जुलैत सगळे कुजतात. ऊन अर्धा दिवस तरी हवंच.

आता खरा वैताग. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे ठिपके नि केशरी पट्टे असलेल्या अळ्या येतात, त्या लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या, दिसायला एकदम झकास पण पानं फस्त करून थेट कांद्यापर्यंत पोचतात. रोज सकाळी पानं उलटून बघा, अंड्यांचा पुंजका दिसला तर तेवढं पान कापून टाका, अळ्या चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात. जास्त झाल्या तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी उघडीप बघून मारायचं, पाऊस पडला की परत मारावं लागतं, इलाज नाही. या अळ्या कोष मातीत करतात, त्यामुळे बुंध्याजवळची माती हलकेच उकरून कोष वेचायला विसरू नका. पानं गेली तरी कांदा टणक असेल तर उपटू नका, फुटतो परत.