पासाडेनाजवळ ओक ग्रोव्हला पहिल्यांदा डिस्क गोल्फ खेळायला जाताय?

लॉस एंजेलिसला मुलांकडे किंवा कामासाठी गेला असाल आणि एखादी सकाळ मोकळी मिळाली तर पासाडेनाजवळच्या हाहामोंगना पार्कात जा, तिथला ओक ग्रोव्ह हा डिस्क गोल्फचा, म्हणजे फ्रिसबीसारख्या चकतीने (डिस्कने) खेळायच्या गोल्फचा, जगातला पहिला कायमस्वरूपी कोर्स, 1975 साली एड हेड्रिक यांनी आखलेला. डिस्क ज्यात टाकायची ती साखळ्यांची बास्केट पण त्यांचीच कल्पना. शेजारीच नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा आहे. मला तरी तिथे जाऊन खेळणं फार भारी वाटतं.

खेळ एकदम सोपा. टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, पडेल तिथून पुढचा थ्रो, बास्केटमध्ये गेली की होल, म्हणजे तो टप्पा, संपलं, कमी थ्रोमध्ये संपवेल तो जिंकला. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तर धरत नाहीत, साखळीत अडकायला हवी किंवा खालच्या टोपलीत पडायला हवी. जो बास्केटपासून सगळ्यात लांब, त्याचा नंबर आधी.

दुकानात ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, बघून मोह होतो पण पहिल्या दिवशी घेऊच नका, त्याला वेग लागतो आणि तो नसेल तर उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्याची डिस्क लगेच डावीकडे वळून झाडीत जाते. एक पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) घ्या, जमलं तर एक मिडरेंज (मधल्या अंतराची), बास.

आता फेकायचं कसं, तर जोर नंतर, आधी डिस्क सपाट ठेवा. पुढची कड जराशी जरी वर राहिली ना, की डिस्क वर चढते, हवेत थबकते आणि तिथेच खाली येते, नवीन माणसाचं नव्वद टक्के इथेच चुकतं. डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढा आणि सुटताना मनगटाने गरगर फिरवा, फिरकी असेल तर हळू फेकलेली पण छान तरंगत जाते. जवळून नेम धरताना साखळ्यांमधली एकच कडी बघायची, पूर्ण बास्केट नाही. साखळ्या खणखणल्या की जो आनंद होतो तो अनुभवाच!

पार्क सगळ्यांचं आहे हे मात्र विसरू नका. कुत्री फिरवणारे, घोड्यावरचे, पोरंटोरं, कोणी रेंजमध्ये असेल तर थांबायचं म्हणजे थांबायचं, आणि डिस्क कोणाच्या दिशेने गेलीच तर जोरात ‘फोर’, म्हणजे ‘सांभाळा’, असं ओरडा. मागून फास्ट ग्रुप आला तर त्यांना पुढे जाऊ द्या.

आणि झुडपात डिस्क शोधताना फुलपँट हवी. तिथे पॉयझन ओक असतं, पळसासारखी तीन-तीन पानं, पण छोटी आणि बऱ्याचदा चकचकीत, अंगाला लागलं तर पुरळ येऊन कितीतरी दिवस खाज सुटते. शंका आली तर डिस्क सोडून द्या. डिस्कच्या मागे मार्करने नाव आणि तिथला चालू नंबर आधीच लिहून ठेवा, सापडली की लोक फोन करतात.