अमेरिकेत निवृत्तीनंतर कुठे राहायचं? आधी करांचा हिशेब मांडा

फ्लोरिडा आणि टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, एवढ्यावर घर हलवू नका. आधी वर्षाचं उत्पन्न सुटं लिहा: सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), पेन्शन, ४०१(के) (नोकरीतलं निवृत्ती बचत खातं), व्याज, भाडं. इलिनॉय निवृत्तीच्या उत्पन्नावर कर घेत नाही, पण तिथला मालमत्ता कर जबर आहे. पेन्सिल्व्हेनियातही अशी सूट आहे. मात्र मुलांना वारशावर ४.५ टक्के भरावे लागतात.

सर्वाधिक फसगत होते ती घराच्या कराची. फ्लोरिडात राहत्या घराचं करमूल्य वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढत नाही. घर विकलं की पुढच्या वर्षी ते बाजारभावावर येतं. म्हणून विकणाऱ्याची जुनी पावती पाहून अंदाज बांधू नका, स्वतःच्या खरेदी किमतीवर कर काढा. होमस्टेडचा, म्हणजे राहत्या घराच्या या सवलतीचा, अर्ज १ मार्चपर्यंत द्या. टेक्ससमध्ये वयाच्या ६५ नंतर राहत्या घरावरचा शाळांसाठीचा कर गोठतो. तीही सवलत मागून घ्या.

न्यूयॉर्कचं घर ठेवणार असाल तर तिथले दिवस मोजा, नोंदी जपा. घर राहतं ठेवून १८३ हून अधिक दिवस काढलेत, तर तुम्ही करापुरते तिथलेच रहिवासी.