आजारपणानंतर काय खावं? दहा जणांच्या दहा सल्ल्यांत या चुका टाळा

टायफॉइड, डेंग्यू, कावीळ किंवा एखादं ऑपरेशन आटोपून माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणाऱ्यांची रांग लागते. नाशिकच्या सिडकोतली मावशी सांगते दूध बंद करा. शेजारचे काका म्हणतात शेळीचं दूध द्या. वैद्य मुगाचं कढण सांगतात, डिस्चार्ज कार्डावर 'हाय प्रोटीन सॉफ्ट डाएट' एवढंच खरडलेलं असतं आणि मोबाइलवर कुणीतरी गहू म्हणजे विष असं ठासून सांगत असतं. यातले बरेचसे सल्ले एकमेकांना खोडत नाहीत. ते वेगळ्या आजारासाठी किंवा त्याच आजाराच्या वेगळ्या टप्प्यासाठी असतात. सल्ला घेताना त्याची मुदत आणि माप विचारलं जात नाही, म्हणून घोळ होतो.

पेज सुरू केली, पण थांबवायची कधी ते ठरवलं नाही

सगळ्यांत जास्त घरांत होणारी चूक हीच. अर्धी वाटी, म्हणजे साधारण 60 ग्रॅम इंद्रायणी तांदूळ आठ-दहा वाट्या पाण्यात शिजवला की पातेलंभर पेज होते. त्या अख्ख्या पातेल्यात मिळून 200 ते 220 कॅलरी आणि जेमतेम 4-5 ग्रॅम प्रथिनं असतात. मोठ्या माणसाला दिवसाला 1500 च्या पुढे कॅलरी लागतात. आठवडाभर पेजेवर ठेवलेल्या माणसाला उभं राहिलं की गरगरणारच. मग 'अजून अशक्तपणा आहे' म्हणून घरचे आणखी हलकं द्यायला लागतात आणि चक्र सुरू राहतं.

पेज एक-दोन दिवस, दर दोन तासांनी वाटीभर, वर चमचाभर तूप. पचली, उलटी नाही, पोट फुगलं नाही, की मऊ भात आणि मुगाचं घट्ट वरण. मग खिचडी, पण नेहमीच्या दोनास एक मापाची नको: एक वाटी तांदळाला एक वाटी मुगाची डाळ, सहा-सात वाट्या पाणी, चार-पाच शिट्ट्या. त्यानंतर ज्वारीची भाकरी, आधी दुधात किंवा वरणात कुस्करून. यात डॉक्टर आणि वैद्य यांचं भांडण लावायचं कारणच नाही. आयुर्वेदातही पेया (पातळ पेज), विलेपी (घट्ट पेज), मग यूष (डाळीचं कढण) असा चढता क्रम आहे. पेजेवरच मुक्काम करा असं तिथे कुणी सांगितलेलं नाही.

दोन अपवाद पाळाच. आतड्याचं ऑपरेशन झालं असेल तर क्रम सर्जनचा. आणि आठवडाभर पोटात काहीच नसेल, तर घरच्या घरी एकदम भरपेट जेवण देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ते हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच वाढवायचं.

काढलं, पण बदली दिली नाही

अंडं उष्ण म्हणून बंद. डाळ वातूळ म्हणून बंद. दूध कफ करतं म्हणून बंद. तीन माणसांनी एकेक पदार्थ काढला आणि ताटात भात तेवढा राहिला. धडधाकट माणसाला किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारातून उठणाऱ्याला बहुतेक वेळा 1.2 च्या आसपास. म्हणजे 55 किलोच्या माणसाला 65 ग्रॅम.

हिशेब तोंडपाठ असू द्या. एक अंडं 6 ग्रॅम. 30 ग्रॅम कोरडी डाळ 7. पेलाभर दूध 6 ते 7. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे साडेसात. 30 ग्रॅम सोया वडी 15 च्या आसपास. आजीला अंडं चालत नसेल तर वाद घालू नका, दोन अंड्यांऐवजी सोया वडीचा रस्सा द्या. 'हे बंद करा' म्हणणाऱ्याला लगेच विचारायचं: त्याच्या जागी काय देऊ, आणि किती?

नागलीचं, म्हणजे नाचणीचंही तसंच. पेठ-सुरगाण्याची नागली खरोखर गुणाची. 100 ग्रॅममध्ये 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण आंबिलीला पीठ लागतं दोन चमचे, म्हणजे 20 ग्रॅम. त्यातून सत्तरेक मिलिग्रॅम मिळतं. पेलाभर दुधातून सव्वादोनशेच्या वर. आंबील जरूर प्या, पण तिच्या भरवशावर दूध-ताक सोडायचं असेल तर नागलीची भाकरीच खायला हवी.

दुसऱ्याचा डाएटचा कागद वापरणं

किडनीचे दोन पेशंट घ्या. एकाला प्रथिनं मोजून खायला सांगितलंय, दुसऱ्याला वाढवायला. दोन्ही बरोबर: दुसऱ्याचं डायलिसिस सुरू आहे, त्यात प्रथिनं वाहून जातात. पाण्याचंही असंच. मुतखडा असलेल्याला तीन लिटर प्यायला सांगतात. हृदय कमजोर असलेल्याला दीड लिटरवर थांबवलेलं असू शकतं. दुसऱ्याने पहिल्याचा कागद पाळला तर पायावर सूज आणि रात्री धाप. अशा पेशंटचं वजन रोज सकाळी करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्याने वाढलेलं नाही, अंगात पाणी साठलंय. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

मीठ बदललं म्हणजे मीठ कमी झालं असं मानणं

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, आणि त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. बीपीसाठी फायदा मीठ कमी खाण्याने होतो: घरटी महिन्याचा मिठाचा पुडा किती दिवसांत संपतो ते बघा. माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचा, ही वरची मर्यादा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच धरायचं. 'लो सोडियम' मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी अधू असेल किंवा बीपीची ठरावीक औषधं सुरू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. शहाळ्याच्या पाण्यालाही तोच नियम.

पदार्थ बरोबर, वेळ चुकीची

हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून बीट, खजूर, गूळ सगळं सुरू असतं आणि लोहाची गोळी मात्र सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही. गोळी आणि चहात किमान तासाभराचं अंतर, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या जेवणाला, आणि लोहासोबत लिंबूपाणी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने. लोह-कॅल्शियम चार तासांनी.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल सुरू असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, ती एकसारखी ठेवायची असते. बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, मेथी स्वस्त मिळाली म्हणून चार जुड्या आणून आठवडाभर रोज मेथी, पुढच्या आठवड्यात शून्य, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, वरखाली होतो. आठवड्यातून तीनदा खात असाल तर तीनदाच खा.

रसावर भरवसा

दुधीचा रस काढण्याआधी फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. आवळा-आलं मिसळून कडूपणा झाकू नका. काविळीत उसाचा रस चालतो, पण रस्त्यावरच्या बर्फाचं आणि पाण्याचं काय? हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातूनच पसरतात. आणि काविळीत तेलाचा थेंब नको, हळद नको ही पथ्यं पेशंटला उपाशी ठेवतात. मळमळ नसेल तर साधं घरचं जेवण द्या. डेंग्यूत पपईच्या पानांचा रस हा वादाचा विषय, पण ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर रस काढत बसू नका, रिक्षा बोलवा.

सगळं एकाच सोमवारी बदलणं

गहू बंद, दूध बंद, सकाळी कारल्याचा रस, रात्री जेवण नाही. पंधरा दिवसांनी पोट बिघडतं, पण कशाने ते कळत नाही. साधी शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा: काय, कुणी सांगितलं, कशासाठी, किती, कधीपर्यंत. 'दूध बंद, मावशी, जुलाब' इतकं लिहिलं की शेवटचे दोन रकाने रिकामे दिसतात. मावशीचं चुकलेलं नसतं: जुलाबानंतर काही दिवस दुधातली साखर पचत नाही. म्हणून तिथे लिहा: 'ताक चालेल, जुलाब थांबून आठवडा झाला की अर्धा कप दूध, मग रोज थोडं जास्त.' एका वेळी एकच बदल, आणि आठ-दहा दिवस भूक, शौच, झोप आणि आठवड्याचं वजन टिपायचं. एचबीए1सी पंधरा दिवसांत बघून डाएट फसला असं ठरवू नका, तो रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो.

साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र प्रयोग म्हणूनसुद्धा रात्रीचं जेवण सोडायचं नाही, चतुर्थीलाही नाही, आधी डोस विचारल्याशिवाय. घाम, थरथर, साखर 70 च्या खाली: तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. भगर आणि दाण्याची आमटी त्यापेक्षा बरी.

राहिला नाशिककरांचा खरा प्रश्न: मिसळ कधी? मटकी मुळात उत्तम, अडचण तर्री, फरसाण आणि पापडाची आहे. खिचडी-भाकरी दोन आठवडे सुरळीत पचली की घरी मोड आलेल्या मटकीची उसळ करा, चार माणसांना दोन चमचे तेल, काळा मसाला निम्मा. ती पचल्यावर मग मिसळ, तर्री वेगळ्या वाटीत मागवून.