जर्मनीत पहिलं बँक खातं उघडताना

माझ्या जर्मन बँकेने पिन पोस्टाने पाठवला आणि तो परत गेला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तेव्हा घरातला सीनिअर, नागपूरचा दादा, म्हणाला, "अरे, खाली लेटरबॉक्सवर नाव लावलंस का?" नव्हतं लावलं. मॅग्डेबुर्गमधल्या आमच्या इमारतीत फ्लॅटला नंबरच नाहीत. पोस्टमन पेटीवरची आडनावं वाचतो. तुमचं दिसलं नाही की पत्र माघारी. सांगलीत आमच्या घरी 'पिठाच्या गिरणीमागे' एवढ्या पत्त्यावर पत्र येतं. इथे एका चिठ्ठीवाचून माझे तीन आठवडे गेले, आणि तेवढे दिवस माझेच पैसे मी अ‍ॅपवर नुसते बघत होतो.

दर सेमिस्टरला नवी मुलं विचारतात, कोणती बँक चांगली? त्यांना मी उलट विचारतो, आज तुझ्या हातात कागद कोणते आहेत? ज्या बँकेला तेवढे कागद पुरतात ती तुझी पहिली बँक. चांगली-वाईट नंतर बघू, खातं बदलता येतं.

आधी एक घोळ निस्तरू. व्हिसासाठी आपण जे ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे श्पेरकोंटो, उघडतो ते रोजच्या व्यवहाराचं खातं नव्हे. ती गुल्लक आहे, आणि तिची किल्ली महिन्याला एकदाच फिरते. २०२४ च्या उन्हाळ्यात मी व्हिसाला गेलो तेव्हा वर्षाला ११,२०८ युरो दाखवायचे होते, म्हणजे महिना ९३४. १ सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ झाला, महिना ९९२. तुमच्या वेळी किती, ते वकिलातीच्या पानावरच बघा. सीनिअरच्या आठवणीवर जाऊ नका, माझ्यासुद्धा. फिंटिबा, एक्स्पाट्रिओ, कोराकल यांच्यापैकी कुणाकडेही हे खातं भारतात बसून निघतं. त्यात डोकं फार घालू नका, फी तेवढी ताडून बघा.

पैसे पाठवताना मात्र डोकं घाला. बाबांचं खातं सहकारी बँकेत, आणि तिथून परदेशी रक्कम जात नव्हती. मग रक्कम आधी दुसऱ्या बँकेत वळवली, तिथे ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, भरला. त्यात पैसे कशासाठी पाठवताय ते लिहावं लागतं. काउंटरवरचे साहेब नातेवाइकाचा उदरनिर्वाह असं लिहायला निघाले होते. बाबांनी अडवून परदेशी शिक्षण लिहायला लावलं, कारण पैसे पाठवताना बँक वसूल करते त्या कराचा, टीसीएसचा, दर या एका ओळीवर बदलतो. दुसरी गोष्ट वाटेतल्या बँकांची. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, रक्कम जाताना मधली बँक आपले काही युरो कापून घेते, आणि पोचलेली रक्कम ठरलेल्या आकड्याला थोडी कमी पडली तरी व्हिसासाठीचं पुष्टीपत्र मिळत नाही. म्हणून सगळे शुल्क पाठवणाऱ्याकडे, हा पर्याय निवडा आणि वर थोडे युरो जास्त टाका. ते बुडत नाहीत, तुमच्याच खात्यात राहतात.

आता इथली साखळी. गुल्लक दरमहा पैसे सोडते ते तुमच्या चालू खात्यात, म्हणजे गिरोकोंटोत. बँक गिरोकोंटोसाठी आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचा, कागद मागते. नोंदणीला घरमालकाची सही लागते. घरमालक डिपॉझिट मिळाल्याशिवाय घर देत नाही. आणि डिपॉझिटचे पैसे? गुल्लकीत. हे वर्तुळ फोडायला माझ्याकडे भारतातून युरो भरून आणलेलं फॉरेक्स कार्ड होतं, त्यावर दीड महिना निघाला. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं. तेव्हा कार्डात किती भरायचं याचा हिशेब त्यावरून करा, विमानतळावरच्या कॉफीवरून नको.

बँकांचे ढोबळ दोन प्रकार. एक, मोबाइलवरच्या. खातं पटकन, फी नाही, इंग्रजी अ‍ॅप. मी आधी तिकडेच गेलो. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट वाकवून, तिरका धरून, खोलीतले दिवे लावून-विझवून दाखवला, आणि शेवटी कळलं की त्या बँकेत व्हिडिओवर भारतीय पासपोर्ट चालतच नाही. फॉर्म भरताना पहिल्या पानावर हे सांगायला काय झालं होतं, देव जाणे. अशा वेळी पोस्टात जाऊन ओळख पटवायची सोय, पोस्टइडेंट, आहे का ते अर्ज करण्याआधी बघा.

दुसरा प्रकार, शाखा असलेल्या बँका: श्पारकासे, फोल्क्सबांक, कॉमर्सबांक वगैरे. मी शेवटी अशाच एका शाखेत गेलो. अपॉइंटमेंट घ्यावी लागली, पण समोर माणूस होता. बाईंनी पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि आनमेल्डुंग बघितलं आणि अर्ध्या तासात काम झालं. अकरा आकडी कर-क्रमांक नोंदणीनंतर पोस्टाने घरी येतो, तो नंतर दिला तरी चालेल म्हणाल्या. विद्यार्थ्यांना खातं बहुधा फुकट असतं, पण वयाची अट असते. तीन-चार वर्षं नोकरी करून एमएसला आलेले आपले लोक तिथे अडकतात, म्हणून फीचा तक्ता तळापर्यंत वाचा. अजून एक कारण गिरोकार्डचं. हे जर्मनीचं स्वतःचं कार्ड, आणि बेकरीत किंवा केशकर्तनालयात अजूनही कधी कधी तेवढंच चालतं. मोबाइल बँकेचं व्हिसा-मास्टरकार्ड तिथे शोभेला. एटीएमही आपल्या बँकेच्याच गटाचं शोधायचं, परक्या यंत्रावर चार-पाच युरो सहज जातात.

सगळ्यांनीच नाही म्हटलं तर बाझिसकोंटो, म्हणजे मूलभूत खातं, मागा. २०१६ पासून कायद्याने युरोपीय संघात वैधपणे राहणाऱ्या कुणालाही त्याचा हक्क आहे. पूर्ण अर्ज दिल्यावर बँकेला दहा कामाच्या दिवसांत खातं द्यावं लागतं किंवा लेखी कारण सांगून नाही म्हणावं लागतं. या शब्दाने काउंटरवरचा सूर बदलतो, हे आमच्या घरातल्या दोघांच्या बाबतीत झालेलं आहे. फी मात्र जास्त असू शकते.

नावाचं प्रकरण खास आपलं. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव एका ओळीत आहे. जर्मन माणसाला ती दोन्ही माझीच वाटतात. बँकेने दोन्ही छापली, विद्यापीठाने एकच घेतलं, आणि पार्टटाइम नोकरीत कुणीतरी बाबांचं नावच आडनाव केलं. पूर्वी हे खपून जायचं. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवण्याआधी बँक नाव आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, जुळतात का ते दाखवते, आणि नाही जुळलं की पगार पाठवणारी बाई घाबरून फोन करते. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा.

खातं चालू झालं की आरोग्य विमा, मोबाइल, भाडं सगळे लास्टश्रिफ्ट मागतात, म्हणजे ठरल्या तारखेला ते स्वतःच खात्यातून ओढून घेतात. आपल्याला हे आधी भीतिदायक वाटतं. पण अशी कपात आठ आठवड्यांच्या आत कारण न देता परत फिरवता येते. उलट खात्यात शिल्लक नसली तर दंड दोन्हीकडून, शिवाय नाव खराब होतं ते वेगळं. कुणी दुकानदार म्हणाला की लिथुआनियाचा किंवा दुसऱ्या देशाचा आयबॅन चालत नाही, तर तो युरोपीय नियमाच्या विरुद्ध बोलतोय. वाद घाला किंवा घालू नका, पहिल्या महिन्यात मी घातला नव्हता.

आणि भारतातलं खातं. "शिकायलाच तर आलोय, मी कुठला एनआरआय!" असं सगळेच म्हणतात. पण परदेशी शिकायला गेलेल्यांना रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासी धरते, तेव्हा साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यावरच्या व्याजावर कर मुळातच कापला जातो. यासाठी सांगलीच्या शाखेत आई दोनदा जाऊन आली, कारण साहेबांना फॉर्म सापडत नव्हता. निघण्यापूर्वी स्वतः केलं असतं तर बरं झालं असतं. भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. २०२३ मध्ये अनिवासींना परदेशी नंबरवर यूपीआय सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा देशांत जर्मनी नव्हता. शिक्षण संपवून परत गेलात आणि इथलं खातं चालू ठेवलंत तरी हरकत नाही, परवानगी आहे. पण कराच्या दृष्टीने तुम्ही पुन्हा पूर्ण निवासी झालात की विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवायचं, शिल्लक चाळीस युरो असली तरी.